बाजाराच्या दिवशीची मालिश

आमचं पहिलं लेकरू मेलेलंच जन्माला आलं. सुईण हात धुऊन चुलीपाशी आली आणि तिनं माझ्या आईला विचारलं, "उद्यापासून तेल-शेकाले येऊ का?" आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "लेकरूच नाई, तं तेल कायले?" सुईण पदर खोचून निघून गेली.

आई दुष्ट नव्हती. आमच्याकडे रीतच तशी होती. सव्वा महिना तेल, शेगडीचा शेक, डिंकाचे लाडू, हे सारं अंगावर पिणाऱ्या लेकरासाठी असे. लेकरू नसलं की बाई बाळंतीण राहत नसे. नुसती आजारातून उठलेली सून होई आणि चार दिवसांनी कामाला लागे. माझी बायकोही लागली. छातीला घट्ट फडकं बांधून ती परसात भांडी घासायला बसली, तेव्हा मी गोठ्यातून तिच्याकडे पाहत होतो.

ती जळगाव जामोदकडची, सातपुड्याच्या पायथ्याची. आमचं गाव अमडापूरपासून कोसभर. एवढ्या लांबून सोयरीक जमली ती कोणा नातेवाइकाच्या लग्नात. उंच, सावळी, आणि नकला करण्यात पटाईत. माझी वहिनी कपाळाला आठी घालून ताक कसं घुसळते, हे ती हातात रवी नसताना करून दाखवी. मला हसू आवरत नसे. तिचा चेहरा मात्र ढिम्म. लेकरू गेल्यावर नकला बंद झाल्या.

घरात आम्ही दोघं, आई, थोरला भाऊ, वहिनी आणि त्यांची पोरं. वडील मी लहान असतानाच गेले होते. एवढ्या माणसांच्या धाब्याच्या घरात नवरा-बायकोनं दिवसा एकमेकांशी बोलायचं म्हणजे कामापुरतं. तेही तिसऱ्याकडे तोंड करून. फक्त बाजाराच्या दिवशी घर रिकामं होई. सगळे सकाळीच गाडी जुंपून अमडापूरला जात आणि उन्हं कलल्यावर परतत. गोठ्यात गाभण म्हैस होती म्हणून कोणाला तरी मागं राहावं लागे. लेकरू गेल्यानंतरच्या एका बाजाराला मी राहिलो. तिला अजून वेशीबाहेर जाऊ देत नव्हते.

दुपारी वैरण टाकून आत आलो तर ती भिंतीकडे तोंड करून जमिनीवर पडली होती. आमच्या घरात बाईमाणूस दिवसा आडवं झालेलं मी पाहिलं नव्हतं.

"काय दुखते?"

"काई नाई."

"काई नाई तं अशी काऊन पडली?"

ती भिंतीलाच सांगावं तशी म्हणाली, "कंबर तुटून राह्यली."

मला दुसरं काही येत नव्हतं, पण तेल लावता येत होतं. नाल्याकाठच्या आखाड्यात मी मिसरूड फुटल्यापासून जात होतो. आमचे उस्ताद पिंजारी होते. दिवसभर लोकांच्या गाद्यांचा कापूस पिंजून संध्याकाळी पोरांना डाव शिकवत. कुस्तीआधी त्यांनी मालिश शिकवली होती. "तलवे से चालू करना, दिल की तरफ लाना, उलटा कभी नहीं," असं ते म्हणत.

मी वाटीत तिळाचं तेल घेतलं, त्यात ओवा टाकला, चुलीतल्या निखाऱ्यावर वाटी धरली. वास आला तशी ती उठून बसली.

"हे काय हो?"

"पाठीले लावतो."

"तुमी? माणसानं बायकोच्या पाठीले तेल लावावं?"

"आखाड्यात अर्ध्या गावाच्या पाठीले लावतो. तुह्या पाठीनं काय पाप केलं?"

ती उठली. मग कडी लावून आली आणि पालथी झोपली. मी जोर लावला तो पहिलवानाच्या पाठीला लावतात तसा. ती कळवळली, "अगं माय! मी काय कुस्तीले उतरून राह्यली?" आणि तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे. वाकून पाहिलं तर हसत होती. लेकरू गेल्यापासून पहिल्यांदा.

मग हात हलका केला. मणक्याच्या दोन्ही अंगांनी, कमरेपासून वर, तळहात पुरा टेकवून. तिच्या मानेला आणि खांद्यांना पाण्याच्या घागरींनी गाठी आणल्या होत्या. नांगर धरणाऱ्या माझ्या हातांची कातडी तिच्या पाठीला ओरबाडत होती. "तुमचा हात म्हंजे खरारा," ती पुटपुटली. बैलाला घासायच्या खराऱ्याशी माझ्या हाताची बरोबरी करून ती तशीच झोपी गेली. मी वाटी हातात घेऊन तिथंच बसून राहिलो. म्हैस हंबरली तरी उठलो नाही.

पुढच्या बाजाराला मी आपणहून म्हणालो, "मी थांबतो घरी." ती अजून बाजाराला जात नव्हती, आणि मी थांबल्याचं कोणाला काही वाटलं नाही. हातांची खरखर जावी म्हणून तिनं मला आदल्या सांजेला हात ताकात बुडवून ठेवायला लावले. हळूहळू मला तिचं अंग कळायला लागलं. डाव्या खांद्याखाली दाबलं की ती श्वास रोखी. कानामागून मानेवर अंगठा फिरवला की तिचा आवाज जड होई आणि ती माहेरच्या गोष्टी सांगे. डोंगरातून मोळ्या घेऊन उतरणाऱ्या बाया, आंब्याच्या झाडावर दिवसभर लपून बसलेली तिची धाकटी बहीण. कधी बोलणं थांबून ती नुसती माझा हात आपल्या गालाखाली दाबून धरी. बाहेर कोंबड्या उकिरडा उकरत असत. घरात आमच्याशिवाय कोणी नाही, एवढ्यानंच अंगावर काटा येई.

पायांना मात्र ती हात लावू देत नव्हती.

"मले पाप लागते."

"पाप मले लागू दे."

"तसं नसते थे."

मी हट्ट केला नाही. मग एका बाजाराला तिनंच पाय माझ्या मांडीवर ठेवला आणि तोंड पदरात लपवलं. टाचेच्या भेगांत काळी माती बसलेली होती. मी तळव्यापासून सुरुवात केली.

त्याच दिवशी तिनं पदराआडूनच विचारलं, "कोणासारखं होतं?"

मला लगेच कळलं. लेकरू तिला दाखवलं नव्हतं. मी आणि थोरल्या भावानं, दादानं, ते नेऊन पुरलं होतं.

"मुलगी होती," मी म्हणालो.

"थे मले माहीत हाय. तोंड कोणासारखं होतं?"

"नाक तुह्यासारखं. केस लय होते. भुरके."

"डोळे?"

"मिटेल होते."

 तिच्या पायाची बोटं आवळली गेली. मी एकेक बोट मोकळं करत राहिलो. "अजून सांगा," ती म्हणाली. पण माझ्यापाशी अजून सांगण्यासारखं काही नव्हतं. मी दोन क्षणांपुरतंच पाहिलं होतं.

असं किती महिने चाललं ते मला आठवत नाही. कापूस घरात आला, गेला. तिच्या अंगाला थोडं मांस चढलं. एकदा तिनं पुन्हा वहिनीची नक्कल केली. तेवढेच दिवस.

वहिनीच्या पोराला बाजारातच ताप भरला, म्हणून ती कोणाच्या तरी गाडीनं लवकर परतली. पुढच्या दाराला कडी होती. ती परसातून आली. मी जमिनीवर बसलेलो, बायकोचा पाय माझ्या मांडीवर, शेजारी तेलाची वाटी. वहिनी दारात उभी राहिली.  खांद्यावरच्या पोराला सावरत मागं वळली.

दिवेलागणीला आईनं मला ओसरीवर बोलावलं. मला वाटलं ओरडेल. ती हळूच म्हणाली, "बापू, तुह्या बापानं मले कदी विचारलं नाई का तुले कुठी दुखते म्हणून. मी काय मेली?" तिनं दिव्याची वात पुढं सारली. "बाईचे पाय दाबते म्हणे. आखाड्यात हेच शिकला?"

चार दिवसांत विहिरीवर माझ्या बायकोला 'पहिलवानीण' हे नाव पडलं. आखाड्यात सोबती पोटऱ्या पुढं करून म्हणाले, "आमच्याबी दाब बे, आमी काय पाप केलं?" उस्ताद हसले नाहीत, पण त्यांनी कोणाला अडवलंही नाही. मी आखाड्यात जाणं सोडलं.

पुढच्या बाजाराला मी घरी थांबतो म्हणालो, तर ती डोक्यावर टोपली घेऊन तयार. गाडीच्या मागं मागं पायी निघाली. परतल्यावर गोठ्यात शेण भरताना मी तिला गाठलं.

"लोकायचं कायले मनावर घेते?"

"लोकायचं नाई," ती म्हणाली. माझ्या आईला ती आत्याबाई म्हणे. "आत्याबाई माह्याकडे पाहत नाई. माह्या हातचं वाढून घेत नाई. तुमी दिवसभर वावरात असता. मले याच घरात राहा लागते."

"मंग?"

"मंग काई नाई. आता नको."

तिचं बोलणं खरं होतं.  पुन्हा आम्ही तिसऱ्याकडे तोंड करून बोलायला लागलो.

पुढच्या वर्षी कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटायच्या दिवसांत मला दिसलं की खाली पडलेली वस्तू उचलायला ती वाकत नाही. पाठ ताठ ठेवून, गुडघ्यावर हात टेकून, म्हातारीसारखी खाली बसते. संध्याकाळी तिच्या अंगात कणकण असे. विचारलं की म्हणे, "उन्ह लागलं." तिच्या पाठीला माझा हात लागून वर्ष होत आलं होतं. नाहीतर मला आधी कळलं असतं की नाही कोणास ठाऊक. कळून तरी काय केलं असतं.

ते आईला कळलं. बायको न्हात असताना तिच्या पाठीवर पाणी घालायला ती गेली आणि तिथूनच तिनं मला हाक मारली. "इकडे ये. पाह्य." पाठीच्या मधोमध, मणक्यावर, सुपारीएवढा उंचवटा आला होता. बायको ओल्या लुगड्यात गुडघ्यांत तोंड घालून बसलेली. आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता लाव बाप्पा तिले तेल. कोणी काई म्हणत नाई."

मी उंचवट्याच्या कडेनं नुसतं बोट फिरवलं. ती इतक्या जोरानं ओरडली की परसातल्या कोंबड्या उडाल्या.

दादानं गाडी दिली, आम्ही बुलढाण्याच्या दवाखान्यात गेलो. गाडीत कडब्यावर गोधड्या टाकल्या होत्या, तरी प्रत्येक खड्ड्याला ती दात आवळी. डॉक्टर जबलपूरकडून बदलून आलेले, वयस्कर, मराठी तोडकी. त्यांनी तिला चालायला लावलं, पायांवर टाचणी टोचून पाहिली, मग तिला बाहेर बसवून मला आत घेतलं.

"हड्डी का क्षय है. छाती में होता है ना, वैसा पीठ में," ते म्हणाले. "लकडी के पट्टे पर सीधा लिटाना. दूध, अंडा, खुली हवा. महीनों तक. शायद सालों तक."

"पाय जातील का?"

"जा सकते हैं."

मी विचारलं, "मालिश केली तर?"

त्यांनी चष्मा काढला. "पीठ को हाथ मत लगाना. हाथ-पैर करो, उसको अच्छा लगे तो. मगर उससे ठीक होगी, ऐसी उम्मीद मत रखना."

बाहेर ती कडुनिंबाखाली, खोडाला न टेकता बसली होती.

"काय म्हणे?"

"झोपून राहा लागते म्हणे."

"किती रोज?"

"थोडे रोज."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुमाले लबाडी येत नाई," ती म्हणाली आणि गाडीत चढायला हात पुढं केला.

सुतारानं एक रुंद फळी करून दिली. ती ओसरीवर ठेवली, कारण हवा आणि ऊन तिथंच. तिथं ती उताणी पडून राहिली, तोंड आढ्याकडे. आता मी तिला रोज तेल लावत होतो. सकाळी धारा काढून झाल्या की वाटी घेऊन बसायचं. आई जाता-येता म्हणे, "गुडघ्याले जास्त लाव." वहिनी तेल कोमट करून आणून देई. गल्लीतून जाणाऱ्या बाया थांबून विचारत, "आज कसं हाय?" ज्यांनी तिला पहिलवानीण म्हटलं होतं त्यांच्याच डोळ्यांत आता पाणी येई.

"पाहा," ती एकदा हळूच म्हणाली, "आता कोणीच लाजत नाई."

मलाही लाज वाटत नव्हती. पण दुसरंही काही वाटत नव्हतं. बैलाची मान सुजली की हळद लावतात, तसं ते काम झालं होतं. ओसरीवर, सगळ्यांसमोर, आमचं बोलणं म्हणजे "इथी?" आणि "हाव." पूर्वी दाराला कडी असताना तिच्या अंगातून जे काही माझ्या हाताला कळे, ते कळेनासं झालं होतं. हात तोच, तेलही तेच.

एका सकाळी मी तिच्या डाव्या पायाची पोटरी चोळत होतो. ती डोळे मिटून होती. बराच वेळ झाला तशी म्हणाली, "उजवा लय झाला. आता डावा घ्या."

मी थबकलो. हातात डावाच पाय होता. मग, "हो," असं म्हणून मी उठलो, फळीला वळसा घालून पलीकडे जाऊन बसलो आणि उजवा पाय हातात घेतला. तिला पावलं ऐकू यावीत म्हणून जरा वाजवून चाललो. तिनं सुस्कारा सोडला आणि म्हणाली, "हां."

दुसऱ्या दिवशीही मी पायांना तेल लावलं. तिसऱ्या दिवशी माझे हात तिकडे जाईनात. मी कपाळ, कानशिलं, दंड चोळायला लागलो. तिनं विचारलं, "पाय काऊन सोडले?" मी तेलात बोटं बुडवत राहिलो. तिनं मग पुन्हा कधी विचारलं नाही. काही दिवसांनी माझा हात धरून तिनं छातीखाली आडवी रेघ ओढली. "इथवर मी हाय," ती म्हणाली. "खालचं तुमचं तुमी पाहा." आणि तोंड ढिम्म ठेवलं. नक्कल करताना ठेवी तसं. मला हसायला हवं होतं. मला हसता आलं नाही, आणि तेही तिला दिसलं.

खालचं आम्ही पाहत होतो. आई आणि मी. चादरी, राख, धुणं. पडून पडून पाठीला जखमा झाल्या तेव्हा आईच ती धूत असे. मी पाण्याचं भांडं धरून असे.

त्याच सुमारास वहिनीनं आपल्या माहेरची, देऊळगाव राजाकडची एक मुलगी माझ्यासाठी काढली. दादा ओसरीच्या पायरीवर बसून म्हणाला, "वावराले माणूस लागते, तशी घराले बाई लागते. माय थकली."

"थे जित्ती हाय अजून, दादा."

"मी कुठी म्हणतो नाई?"

फळी तिथून चार हातांवर होती. तिनं सारं ऐकलं. दादा उठून गेल्यावर मी तिच्या केसांना तेल लावायला बसलो.

"हो म्हणा," ती म्हणाली.

"गप राह्य."

"मी काई इतक्या लवकर मरून नाई राह्यली. पण हो म्हणा. आत्याबाईले आता घागर उचलत नाई."

मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. आमच्या घरात गप्प राहण्याचा अर्थ होच धरत. दादा मुलगी पाहून आला. माझ्या बायकोच्या भावाला निरोप गेला, तो जळगाव जामोदहून आला, बहिणीला घेऊन जातो म्हणाला. गाडीचे हिसके तिला सोसणार नाहीत हे त्यालाही दिसत होतं. दोन दिवस राहून, तिच्या हातात हात देऊन, रडून तो परत गेला.

उन्हाळा कडक लागला. ताप उतरेना. बोलणं कमी झालं. तेल नको म्हणे. चिकट वाटतं, माश्या बसतात. मी नुसता कोरडा हात कपाळावर ठेवून बसे. कधी ती माझा हात बाजूला सारी. उकाड्यानं सारी, की कशानं, मला कळत नसे आणि विचारायचा धीर होत नसे.

ती गेली त्या सकाळी मी वावरात वखरत होतो. शेजारी बांधावरून हाक मारत आला. "चला," एवढंच म्हणाला. मी बैल सोडले, घरी आलो, तोवर तिला फळीवरून खाली घेतलं होतं. आई म्हणाली, पाणी मागितलं, दोन घोट घेतले आणि मान टाकली. माझं नाव-बिव काही घेतलं नाही. मी विचारलं नव्हतं, तरी आईनं सांगितलं.

तिचे दिवस झाल्यावर तिचा भाऊ पुन्हा आला. तिची लोखंडी पेटी त्यानं मागितली. आईनं लगेच काढून दिली. त्यात दोन लुगडी आणि लग्नातली चोळी होती. त्यानं विचारलं, "लय तरास झाला का तिले?"

"नाई," मी म्हणालो.

तो पेटी घेऊन गेला. त्यानंतर त्या घराशी आमचं येणं-जाणं राहिलं नाही.

पुढच्या हंगामाआधी माझं दुसरं लग्न झालं. ही बाई चांगली आहे. कामाला वाघ. हिला तीन मुलगे झाले, तिन्ही जगले. आमचं कधी भांडण झालं नाही. बोलणं असतं ते वावराचं, गुरांचं, सुनांचं. हिनं मला आधीचं काही विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आई गेली, दादा वेगळा निघाला. मुलांना एवढंच ठाऊक आहे की त्यांच्या आईच्या आधी या घरात कोणीतरी होती. कोण होती, कशी होती, ते अजून कोणी विचारलेलं नाही. आणि आता विचारलं तर मला किती सांगता येईल, याचीही खात्री नाही. तिचा चेहरा मला नीट आठवत नाही.